सुटून गेलेल्या पोराची गोष्ट : ली हॉलची नाटकं

ली हॉलचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. पण 'बिली इलियट' हा सिनेमा आपल्या बऱ्याच पोरांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. खाणमजुराचं अकरा वर्षांचं पोर बॉक्सिंग शिकायला जातं आणि बॅले नाचायला लागतं, तोच सिनेमा. पोरं नाचाबद्दल बोलतात. त्यातल्या संपाबद्दल विचारलं की गप्प. जसं काय संप म्हणजे पाठीमागं टांगलेला रंगीत पडदा. मी तो सिनेमा पाहिला तो संपासाठी. मग हा सिनेमा लिहिणाऱ्यानं आणखी काय काय लिहिलंय ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत गेलो. हॉलची आरती ओवाळायला हा लेख लिहीत नाही. त्याच्याशी माझं भांडण आहे, ते पुढं येईल.

हॉल खाणमजुराचा पोरगा नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण त्याच्यावर लिहिणारे त्याला थेट खाणीतूनच वर काढतात. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीवर न्यूकॅसल हे शहर आहे. तिथं २० सप्टेंबर १९६६ ला तो जन्मला. बाप रंगारी, लोकांची घरं रंगवणारा. आई घर सांभाळणारी. आसपास मात्र सगळा कोळसा आणि जहाजं. शेकडो वर्षं इथला कोळसा जहाजानं लंडनला जात होता आणि लंडनच्या शेगड्या त्याच्यावर पेटत होत्या. हॉल शाळेत असतानाच वॉलसेंड या जहाजं बांधणाऱ्यांच्या गावातल्या तरुणांच्या नाट्यगटात जायला लागला. पुढं केंब्रिजला जाऊन इंग्रजी साहित्य शिकला. रंगाऱ्याचा पोर केंब्रिजात ही काय रोजची गोष्ट नव्हे. तिकडं जात विचारत नाहीत, पण तोंड उघडलं की बोलीवरून माणसाची पायरी कळते. न्यूकॅसलच्या बोलीला जॉर्डी म्हणतात. हॉलची माणसं जॉर्डीत बोलतात आणि तो ती बोली धुऊन इस्त्री करून देत नाही. आपल्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणाऱ्या मास्तरांशी आपली पिढ्यान्‌पिढ्या मारामारी आहे. त्यामुळं मला हा माणूस पहिल्यांदा जवळचा वाटला तो इथं.

सुरुवातीला त्यानं रेडिओसाठी लिहिलं. १९९७ साली बीबीसीवरून 'स्पूनफेस स्टाइनबर्ग' लागलं आणि त्याचं नाव झालं. मरायला टेकलेल्या एका लहान ज्यू मुलीचं ते स्वगत आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं तिला शहाणं करून सोडलं असतं. हॉलनं तिची मोडकी वाक्यं तशीच ठेवली. त्याच सुमारास त्यानं ब्रेख्तचं 'पुंटिला' इंग्रजीत आणलं. त्यातला मालक दारू प्यायला की माणूस होतो आणि उतरली की पुन्हा मालक. असले मालक ओळखायला आपल्याला जर्मन यायची गरज नाही.

आता संपाकडं येतो.

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळानं जाहीर केलं की २० खाणी बंद करणार, २० हजार माणसं कमी करणार. पंतप्रधान मार्गारेट थॅचर. खाणमजुरांच्या युनियनचा अध्यक्ष आर्थर स्कारगिल. एक लाख चाळीस हजारांच्या आसपास खाणमजूर संपात उतरले. १८ जून १९८४ ला यॉर्कशायरमध्ये ऑरग्रीव्हच्या कारखान्यापुढं घोडेस्वार पोलीस त्यांच्या अंगावर घातले. वर्षभरात अकरा हजारांवर अटका झाल्या. थॅचरबाईनं या लोकांना देशाच्या आतला शत्रू ठरवलं. गावोगावच्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं काढली, संप त्यांच्या भांड्यांवर वर्षभर टिकला. ३ मार्च १९८५ ला कसलाही करार न होता तो संपला. लोक बँड वाजवत, युनियनचे झेंडे घेऊन कामावर परत गेले. हरून परत जाताना बँड. हे चित्र मला फार दिवस सोडत नव्हतं.

आपल्याकडं १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते, डॉ. दत्ता सामंत पुढारी. तो संप रीतसर कधी मागंच घेतला गेला नाही. माझ्या पिढीला तो ऐकूनच माहीत. कामगाराला उपाशी ठेवून वाकवायचं, हे दोन्ही सरकारांना बरोबर जमलं.

ब्रिटनचा संप चालू होता तेव्हा हॉल सतरा-अठरा वर्षांचा होता. सोळा वर्षांनी, २००० साली, त्यानं तो सिनेमात आणला. आधी या कथेचं नाव 'डान्सर' होतं. स्टीफन डॉल्ड्रीनं दिग्दर्शन केलं. गावाचं नाव काल्पनिक असलं तरी चित्रीकरण डरहॅम परगण्यातल्या ईझिंग्टन या खऱ्या खाणगावात झालं. याच ईझिंग्टनमध्ये ऑगस्ट १९८४ ला एका संपफोड्याला खाणीत घालायला पोलिसांनी अख्खं गाव घेरलं होतं. हॉलला पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पन्नास लाख डॉलरच्या आसपास खर्चाच्या सिनेमानं दहा कोटींच्या वर धंदा केला.

गोष्ट थोडक्यात अशी. बिलीचा बाप आणि थोरला भाऊ टोनी दोघंही संपात. आई मेलेली. नाताळात घर ऊबदार ठेवायला बाप आईचा पियानो कुऱ्हाडीनं फोडून शेगडीत घालतो. पोर चोरून बॅले शिकतं. बापाला कळतं तेव्हा तो पिसाळतो. बॉक्सिंग पुरुषाची, बॅले बायकांचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं. मग एका रात्री तो पोराला नाचताना बघतो आणि त्याला कळतं की आपल्या घरात काय जन्मलंय. पण लंडनला परीक्षेला न्यायला पैसे नाहीत. तेव्हा हा बाप, युनियनचा कट्टर माणूस, संपफोड्यांच्या बसमध्ये जाऊन बसतो. बसवर अंडी पडतायत, शिव्या पडतायत. बाहेरच्या गर्दीतनं टोनी बापाला बघतो आणि खाणीच्या आवारात धावत जाऊन त्याला धरतो. बाप तिथंच ढासळतो.

हा प्रवेश मी कितीदा बघितला असेल. एका बाजूला सगळ्यांची भाकरी, दुसऱ्या बाजूला आपलं एक पोर. कुणाचं खरं? हॉल इथं बापाला खलनायक करत नाही आणि संपालाही करत नाही. बाप परत संपात येतो. गावातले रिकाम्या खिशाचे लोक वर्गणी काढतात, बाप मेलेल्या बायकोचे दागिने विकतो, पोर परीक्षेला जातं. तिथला एक साहेब निघताना बापाला संपासाठी शुभेच्छा देतो. केवढी स्वस्त वस्तू! ती देऊन साहेब आपल्या गरम खोलीत परत वळला असणार.

पोर निवडलं गेल्याचं पत्र येतं. बाप धावत क्लबात सांगायला जातो तर तिथं सगळे मान खाली घालून बसलेले. संप मोडलाय, उद्या कामावर जायचं. एकाच घरात एकाच दिवशी एक जिंकला आणि बाकी सगळे हरले. बिली बसनं लंडनला जातो. बाप आणि टोनी पाळण्यात उभे राहून जमिनीखाली जातात.

आणि मग सिनेमा उडी मारतो. एकदम चौदा-पंधरा वर्षं पुढं. म्हातारा बाप आणि टोनी लंडनच्या भुयारी रेल्वेतनं बावचळत येतात, थेटरात बसतात, मोठा झालेला बिली 'स्वान लेक'मध्ये उडी घेतो, संपलं. माझं भांडण या उडीशी आहे. कारण जे व्हायचं ते या उडीच्या पोटातच झालं. ईझिंग्टनची खाण १९९३ साली बंद झाली. शेकडो वर्षांचा धंदा दहा वर्षांत पुसला गेला. त्या पाळण्यात उभे असलेले दोघं कधी कायमचे वर आले, त्यांना काय मिळालं, घरभाडं कसं भरलं, याचं एक वाक्य सिनेमात नाही. गिरणगावात मॉलमध्ये फिरणाऱ्यांना जुनी चिमणी छान दिसते, तशातली ही उडी आहे.

आता यात एक गोम आहे आणि ती आपल्यालाच दिसणार. तिकडच्या काही डाव्या लोकांनी हॉलवर टीका केली की त्यानं कामगारवस्ती म्हणजे सुटून जायची जागा करून टाकली. टीका बरोबर आहे, पण ती आपण जशीच्या तशी उचलायची नाही. खाणमजुराला खाणीचा अभिमान होता. त्याच्या गावात बँड होता, रेशमी झेंडा होता, लायब्ररी होती, बापाचं काम पोरानं करण्यात इज्जत होती. आमच्या आज्याच्या वाट्याला आलेल्या कामाचा अभिमान आम्ही कुठून आणायचा? मेलेलं ढोर ओढायचा? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं ती कामं सोडा, पुढं सांगितलं गाव सोडा. आपल्यात सुटून जाणं ही गद्दारी कधीच नव्हती, तो कार्यक्रम होता. मात्र सुटून गेलेल्यानं मागं वळून बघायचं, ही त्यातली अट होती. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी दगा दिल्याचं जे दुःख बोलून दाखवलं ते या अटीबद्दल होतं. बिलीला ही अट कुणी घातली नाही. हॉलनं ती स्वतःला घालून घेतलेली दिसते, कारण तो पुनःपुन्हा न्यूकॅसलला परत येऊन लिहितो.

हॉलची आणखी एक गोष्ट नीट बघायला पाहिजे. तो संपकऱ्यांना देव करत नाही. पोलिसांपुढं छाती काढणारा बाप घरात पोराला नाचू देत नाही. बिलीचा मित्र मायकल, त्याला पोरं आवडतात, ते त्याला गावात लपवून ठेवावं लागतं. एकीच्या आतसुद्धा कुणीतरी दाबलेला असतो. आम्हाला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण विणकराला आमची थुंकी चालत नसे. हेच लोक फाटकावर 'कामगार एकजुटीचा विजय असो' म्हणत होते. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, आणि १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. हॉलच्या खाणीत हा दुसरा शत्रू वेगळ्या रूपात आहे, पण तो आहे हे त्याला दिसलं.

२०११ साली ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावी तीनशे पोरांचा एक ऑपेरा त्यानं लिहिला. त्यात एक पात्र आपण समलिंगी असल्याचं सांगतं. शाळेनं हरकत घेतली, पोरं काढून घेण्यापर्यंत मजल गेली. हॉल ते पात्र गाळायला तयार झाला नाही, पेपरात बोंब झाली, शेवटी एखादा शब्द बदलून प्रयोग झाला. लहान प्रकरण आहे, पण माणूस कुठं वाकतो आणि कुठं नाही ते त्यात दिसतं.

'बिली इलियट'चं २००५ साली लंडनमध्ये संगीत नाटक झालं. संगीत एल्टन जॉनचं, शब्द आणि संहिता हॉलची. अकरा वर्षं चाललं. न्यूयॉर्कला २००८ मध्ये गेलं, पुढच्या वर्षी दहा टोनी पारितोषिकं मिळाली, त्यातलं एक हॉलच्या संहितेला. नाटकात संप सिनेमापेक्षा मोठा झालाय, ही त्याची सुधारणा मी मानतो. शेवटी खाणमजूर कपाळावरचे दिवे लावून अंधारात खाली जातात ते प्रेक्षकांकडं तोंड करून. नाटकात थॅचरबाईच्या मरणाची वाट बघणारं एक गाणं आहे. ८ एप्रिल २०१३ ला बाई खरोखर वारली. त्या रात्री गाणं म्हणायचं की गाळायचं, यावर थेटरात प्रेक्षकांचं मत घेतलं. जवळजवळ सगळ्यांनी म्हणा म्हणून सांगितलं. लंडनची महागडी तिकिटं काढून बसलेले लोक! त्यांच्यातल्या कितीजणांनी त्या बाईला मत दिलं असेल, हा हिशेब मी मनात करत बसलो.

पण मला विचाराल तर हॉलचं सगळ्यात मोठं काम 'द पिटमेन पेंटर्स' हे नाटक आहे. आणि ते समजायला त्याच्या आधीची माणसं माहीत पाहिजेत. हॉल आकाशातून पडलेला नाही. सिड चॅप्लिन हा डरहॅमचा खाणमजूर, खाणीत काम करताकरता कथा लिहायचा. त्याच्या कथांवरून ॲलन प्लेटरनं १९६८ साली 'क्लोज द कोलहाउस डोअर' हे खाणमजुरांच्या संपांच्या इतिहासाचं नाटक केलं, गाणी ॲलेक्स ग्लासगोची. १९७३ साली न्यूकॅसलमध्ये लाइव्ह थिएटर कंपनी निघाली, ती कामगारांच्या क्लबांत जाऊन नाटकं करायची. आपल्याकडं भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे जसे वस्तीत उभे राहत, तसंच काहीसं. हॉलची नाटकं या लाइव्ह थिएटरमध्ये वाढली, आणि २०१२ साली प्लेटरचं ते नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा हॉलनं त्यात नवा मजकूर घातला. आधीच्यांचं ऋण त्यानं असं फेडलं. आपण काय करतो? आधीच्या कवीला शिव्या घालून अंक काढतो.

'पिटमेन पेंटर्स' सप्टेंबर २००७ मध्ये लाइव्ह थिएटरमध्ये झालं, २००८ ला लंडनच्या नॅशनल थिएटरात गेलं, २०१० ला न्यूयॉर्कला. गोष्ट खरी आहे. विल्यम फीव्हरनं या लोकांवर पुस्तक लिहिलं, त्यावरून हॉलनं नाटक उभं केलं. न्यूकॅसलच्या उत्तरेला ॲशिंग्टन हे खाणमजुरांचं गाव. १९३४ च्या शरदात तिथल्या काही खाणमजुरांनी कामगार शिक्षण संघाकडून एक वर्ग मागवला. त्याच सप्टेंबरात वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या खाणीत स्फोट होऊन २६६ माणसं मेली होती. असल्या दिवसांत खाणीतून वर येऊन, अंग धुऊन, हे लोक रात्री शिकायला बसायचे. विषय ठरला चित्रकला समजून घेणं. शिकवायला न्यूकॅसलच्या कॉलेजातला रॉबर्ट लायन आला. त्यानं इटलीच्या थोर चित्रकारांच्या स्लाइडा दाखवल्या. देवदूत, नागड्या देवता, मॅडोना. हे लोक बघून म्हणाले, बरंय, पण याचा अर्थ काय? हॉलनं या प्रवेशात धमाल केलीय. यांना वाटतं मास्तरकडं चित्राचा काहीतरी गुप्त अर्थ आहे आणि तो द्यायला कुचराई करतोय. मास्तरकडं तसलं काहीच नसतं. शेवटी लायन म्हणतो, तुम्हीच काढून बघा. आधी लिनोलियम कोरून ठसे काढले, मग रंग हातात घेतले. रंग कुठले, तर भिंतीला लावायचे. कापड परवडत नाही म्हणून पुठ्ठ्यावर आणि फळीवर. काय काढलं? खाणीतला सरपटत कोळसा फोडणारा माणूस, खाणीतला घोडा, जेवणाची वेळ, अंगण, कुत्र्यांची शर्यत. दर आठवड्याला चित्रं भिंतीला लावून एकमेकांची चामडी सोलायची. १९३६ साली न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं.

गटाचे नियम होते. गट ठेवील ती चित्रं गटाच्या मालकीची. कुणी एकटा चित्रकार म्हणून मोठा व्हायचा नाही. आपण ज्या अंकात लिहितो त्याची पानं लावणारा, शाई फासणारा आणि कवी एकच असतो. म्हणून हे नियम वाचताना मला ते परके वाटले नाहीत.

या गटातला ऑलिव्हर किलबर्न. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. हेलन सदरलँड नावाची श्रीमंत बाई, बेन निकल्सनसारख्या चित्रकारांची पाठराखी, तिनं या लोकांना घरी बोलावलं, चांगली चित्रं दाखवली. ही बाई खरी होती. नाटकात ती ऑलिव्हरला म्हणते, खाण सोड, मी दर आठवड्याला पैसे देते, तू नुसती चित्रं काढ. ऑलिव्हर तळमळतो आणि शेवटी नाही म्हणतो. हा नाटकाचा काळजातला काटा. तो नाही म्हणतो ते मोठेपणापोटी की भीतीपोटी? खाण सोडली तर काढायला काय उरेल? बाईचं मन फिरलं तर? आणि गटाला काय सांगायचं? हॉल उत्तर देत नाही. प्रत्येक रात्री प्रेक्षकाचं उत्तर वेगळं येत असेल.

मला हा प्रवेश वाचून राग आला तो वेगळ्या कारणानं. एका शहरात कवितावाचनानंतर एका संस्थेच्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही गिरणीबद्दलच लिहा, तेच तुमचं बलस्थान, आम्ही तुमचं बघू. म्हणजे गिरणीतनं बाहेर काढू, पण कवितेतनं गिरणी सोडायची नाही. सदरलँडबाई निदान थेट पैशाबद्दल तरी बोलली. लायनचंही तसंच. ॲशिंग्टनच्या गटामुळं त्याचं नाव झालं, १९४२ साली तो एडिंबरोच्या कलाशाळेचा प्रमुख होऊन गेला. शिकवायला आलेला वर चढला आणि शिकणारे खाणीतच. हॉलनं लायनला वाईट दाखवलेलं नाही. एके ठिकाणी लायन ऑलिव्हरचं चित्र काढतो, आणि ऑलिव्हर ते बघून त्यातली खोट सांगतो. मास्तरच्या रेघेत मजूर दिसतो, ऑलिव्हर दिसत नाही. आपल्यावर सहानुभूतीनं लिहिणाऱ्या सगळ्या पांढरपेशा साहित्याला हा एक प्रवेश पुरून उरेल.

नाटक १९४७ च्या उंबरठ्यावर येऊन थांबतं. १ जानेवारी १९४७ ला खाणी देशाच्या मालकीच्या झाल्या. आता विद्यापीठं आपली, चित्रं आपली, अशी आशा त्या लोकांच्या तोंडी आहे. प्रेक्षकाला पुढचं माहीत असतं. १९९५ साली मजूर पक्षानं उत्पादनाची साधनं सर्वांच्या मालकीची करण्याचं कलम आपल्या घटनेतून काढून टाकलं. ॲशिंग्टनची खाण १९८८ साली बंद झाली. जवळची वूडहॉर्नची १९८१ ला. तिथं म्युझियम झालंय आणि ऑलिव्हरची, जिमी फ्लॉइडची, हॅरी विल्सनची चित्रं तिथंच आहेत. 'बिली'मध्ये जी उडी मारली ती इथं हॉल मारत नाही. उडीच्या अलीकडं थांबून तो आपल्याला खाली बघायला लावतो. म्हणून हे नाटक मोठं.

मधल्या काळात त्यानं पैशाचीही कामं केली. स्पीलबर्गसाठी 'वॉर हॉर्स'ची पटकथा, एल्टन जॉनच्या आयुष्यावरचा 'रॉकेटमॅन', आणि २०१९ सालीच 'कॅट्स', ज्याच्यावर दुनिया हसली. पोट सगळ्यांना आहे. पण २०१७ च्या 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल'वर बोललंच पाहिजे, कारण तिथं तो आपल्या अंगणात आला.

आग्र्याच्या तुरुंगातला कारकून अब्दुल करीम १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या पन्नाशीला चाकर म्हणून इंग्लंडला गेला, राणीचा लाडका झाला, तिला उर्दू शिकवायला लागला, मुन्शी झाला. १९०१ ला राणी मेल्यावर तिच्या पोरानं अब्दुलची पत्रं जाळायला लावली आणि त्याला परत पाठवलं. श्राबणी बसूच्या पुस्तकावरून हॉलनं हे लिहिलं. सिनेमात म्हातारी राणी गोड, अब्दुल गोड, आणि वाईट कोण तर दरबारातले लोक. खाणमजुरांचा लेखक राणीपुढं इतका मऊ कसा झाला? फक्त मोहम्मद हा अब्दुलचा सोबती राज्याला मनातलं कडवट सुनावतो आणि थंडीत कुढत मरतो. जुना हॉल मला त्या मोहम्मदात दिसला.

राणी उर्दू गिरवत होती त्याच वर्षांत तिचं सैन्य काय करत होतं? कोरेगावला १८१८ साली जे महार सैनिक लढले, त्यांच्या नातवा-पणतवांची भरती १८९२ च्या सुमारास बंद केली. कारण दिलं की हे लढाऊ जातीचे नाहीत. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर सैनिक, यांनी १८९४ साली दापोलीहून त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. मुन्शीला बंगला देणाऱ्या राज्यानं या अर्जदारांना काय दिलं, यावर सिनेमा कुणी काढणार नाही. इंग्रजाच्या राज्यात आम्हाला बंदूक मिळाली, शाळा मिळाली, हे आपण नाकारत नाही. पण ती बंदूक त्यानंच काढूनही घेतली, आणि कुणाच्या सल्ल्यानं, कुणाच्या सोयीनं, ते आपल्यालाच लिहावं लागेल.

हॉलचं शेवटचं एक प्रकरण सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूकॅसलच्या नगरपालिकेनं ठरवलं की कलेची मदत शंभर टक्के बंद आणि कित्येक लायब्रऱ्यांना टाळं. वर लंडनचं सरकार पैसे कापत होतं हे खरं, पण नगरपालिका मजूर पक्षाच्या ताब्यात होती. म्हणजे आपल्याच लोकांच्या. हॉलनं नगरपालिकेच्या प्रमुखाला उघड पत्र लिहिलं, सभा घेतल्या. त्याचं म्हणणं असं की फुकटची लायब्ररी आणि पोरांचे नाट्यगट नसते तर रंगाऱ्याचा पोर नाटककार झाला नसता, आणि यापुढं होणारही नाही. लोक त्याला म्हणाले, दवाखाने आणि म्हाताऱ्यांची देखभाल महत्त्वाची की नाटकं? हा प्रश्न आपल्यालाही विचारतात. पोटाचं बघा आधी, कविता कसल्या करता. हॉल मागं हटला नाही. मार्च २०१३ मध्ये नगरपालिकेनं शंभराऐवजी निम्मी कपात केली आणि कलेसाठी एक वेगळा निधी काढला. काही लायब्रऱ्या गेल्या. काही गावकऱ्यांनी स्वतः चालवायला घेतल्या.